दूध, शिट्टी आणि हेलन स्टोनरचं मनगट

आर्थर कॉनन डॉयलची 'स्पेकल्ड बँड' ही गोष्ट वाचलेला माणूस भेटला की पुढे काय ऐकायला मिळणार, हे मला आता पाठ झालं आहे. साप दूध पीत नाही. सापाला कान नसतात, मग शिट्टी ऐकून तो मागे कसा फिरेल? लोंबत्या दोरीवरून साप चढउतार करत नाही. गोष्टीतला तो दलदलीतला विषारी साप हिंदुस्थानात कुठेच सापडत नाही. आणि एवढ्यावरून दिलेला निकाल असा की गोष्ट साफ फसलेली आहे, डॉयलला आपल्या देशाबद्दल काडीचीही माहिती नव्हती, शेरलॉक होम्सचं नाव उगाच मोठं झालं. हे बोलणारे कुणी ऐरेगैरे नाहीत. शिक्षक आहेत, साप धरायला जाणारी तरुण मुलं आहेत, आदिलाबादला कॉलेज केलेले आहेत. म्हणूनच या मताचा समाचार घेणं भाग आहे. अडाण्याचं मत एकवेळ सोडून देता येतं, जाणत्याचं मत पसरतं.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपूरच्या माणसाला सापाबद्दल बोलायचा अधिकार आहे, हे मीही मानतो. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे यवतमाळ जिल्हा. टिपेश्वरच्या जंगलातले वाघ नदी ओलांडून आमच्या शिवारात येतात, तिथे सापाचं काय सांगावं! वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच रचून ठेवायचा. कापसात उंदीर शिरतात आणि उंदरामागे जनावर येतं. ज्याच्या घरात उशाशी काठी आणि टॉर्च घेऊन झोपतात, त्या माणसाला ही गोष्ट लंडनच्या वाचकापेक्षा जास्त कळायला हवी. तोच माणूस ती सगळ्यात वरवर वाचतो आणि तिला खोटी ठरवून मोकळा होतो, याचा मला मनापासून राग येतो.

गोष्ट वाचून बरीच वर्षं झाली असतील त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १८९२ च्या 'स्ट्रँड' मासिकात ती छापून आली. घटनेचा काळ एप्रिल १८८३. सरे परगण्यातल्या स्टोक मोरन गावच्या पडक्या वाड्यात डॉ. ग्रिम्सबी रॉयलॉट आणि त्याची सावत्र मुलगी हेलन स्टोनर राहतात. हेलनची जुळी बहीण ज्युलिया दोन वर्षांपूर्वी, लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असताना, आतून बंद असलेल्या खोलीतून रात्री तडफडत बाहेर आली आणि मेली. आता हेलनचं लग्न ठरलं आहे. वाड्याची दुरुस्ती काढून बापाने तिला बहिणीच्याच खोलीत झोपायला लावलं आणि ज्युलियाने मरण्याआधी ऐकलेली तीच शिट्टी रात्री तिला ऐकू आली. ती होम्सकडे धावते. होम्स खोली पाहतो. पलंग जमिनीला खिळवलेला. झरोका आहे, पण तो बाहेर न उघडता शेजारच्या, म्हणजे बापाच्या, खोलीत उघडतो. त्या झरोक्याशेजारून घंटेची दोरी थेट उशीवर उतरते, आणि ओढून पाहिली तर तिला घंटाच नाही. बापाच्या खोलीत लोखंडी तिजोरी, तिच्यावर दुधाची बशी. त्या वाटेने बाप साप सोडतो, शिट्टीने परत बोलावतो, आणि शेवटी तोच साप त्याला चावतो.

आता त्या आक्षेपांकडे येतो. साप दूध पीत नाही, हे खरं. नागपंचमीला टोपलीतला नाग दूध पितो तो गारुड्याने त्याला दिवसचे दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून, हेही खरं. आणि हे आपणच दर श्रावणात लोकांना समजावून सांगतो. मग तीच गोष्ट इथे का आठवू नये? रॉयलॉटने साप कुठे कोंडला होता? लोखंडी तिजोरीत. पाण्याविना कोंडलेला साप बशीतलं ओलं काहीही पिईल. आपलंच ज्ञान आपण अर्ध्यावर सोडतो आणि दोष लेखकाच्या पदरात टाकतो.

दोरीचा आक्षेप तर आमच्या भागातल्या माणसाने घ्यावा, याचंच मला आश्चर्य वाटतं. कवेलूच्या घरात जन्म गेलेल्याने आढ्यावर साप पाहिला नाही का? धामण उंदरामागे भिंत, बांबू, वासे चढून जाते. कवड्या साप तर खडबडीत भिंतीवर सहज चढतो, आणि अंगावरच्या पट्ट्यांमुळे लोक त्याला मण्यार समजून मारतात. एका टोकाला झरोका आणि दुसऱ्या टोकाला उशी असलेल्या दोरीवरून साप खाली येऊच शकत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने आधी आपलं आढं पाहावं.

शिट्टीचं म्हणाल तर डॉयल चुकला. सापाला बाहेरचा कान नसतो, कानाचा पडदाही नसतो. आतला कान मात्र असतो आणि जबड्याच्या हाडावाटे त्याला जमिनीची थरथर कळते. हलक्या, घुमणाऱ्या आवाजाची चाहूलही त्याला लागते. पण बारीक शिट्टीवर साप शिकवून तयार होईल, हे मी कुणालाही मान्य करायला सांगणार नाही. रॉयलॉट चावा बसल्यावर दहा सेकंदांत मरतो, तेही नाही. या दोन चुका मी कबूल करतो. याहून जास्त देणार नाही.

कारण राहिला तो सापाच्या जातीचा मुद्दा, आणि तिथेच आपल्या वाचकाची नजर चुकली आहे. तसा साप हिंदुस्थानात नाही, नसेल. पण गोष्टीला त्या सापात काय हवं होतं ते पाहा. तो रात्री झोपलेल्या माणसाला चावावा, जखम शोधूनही सापडू नये आणि डॉक्टरांना मृत्यूचं कारण सांगता येऊ नये. हे वर्णन आपल्या मण्यारीचं नाही तर कुणाचं? नाग, घोणस, फुरसं चावलं तर कळतं, दुखतं, सुजतं. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि त्याची झोपही मोडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं, मग श्वास अडकतो. दातांची खूण भिंगाने पाहिली तरी दिसेलच असं नाही. किती घरांत अशा माणसाला आधी पोटदुखीचं औषध दिलं गेलं असेल? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज दिला, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. त्या काळचा आंध्र प्रदेश, ज्यात आपला आदिलाबाद जिल्हाही होता, सर्वाधिक मृत्यूंच्या राज्यांत मोडत होता. सर्पदंशाचा मृत्यू आपल्याकडे इतका नेहमीचा आहे की त्याबद्दल कुणाला संशयही येत नाही. रॉयलॉटला नेमकं हेच हवं होतं, असा मृत्यू की ज्याचा संशय घेण्याचं कुणाच्या मनातही येऊ नये.

खऱ्या सापालाच खोटा म्हणणं हे या गोष्टीच्या नशिबी पहिल्यापासून आहे. डॉयलने १९१० मध्ये हिचं नाटक करून लंडनच्या अडेल्फी थिएटरात लावलं. रंगमंचावर त्याने खराखुरा, चांगला जाडजूड साप आणला होता. एका टीकाकाराने लिहिलं की शेवटी उघड उघड बनावट साप दाखवला गेला. डॉयलने आत्मचरित्रात हा किस्सा नोंदवला आहे. साप खरा की खोटा एवढ्याच प्रश्नात अडकलेल्या माणसाला खरा साप समोर टांगला तरी तो ओळखता येत नाही.

बरं, सगळं मान्य करू. साप खोटा, शिट्टी खोटी, दोरी खोटी. तरी सापाच्या हातून खून होत नाही, ही तर कल्पनाच आहे ना? नाही. केरळच्या कोल्लम जिल्ह्यात मे २०२० मध्ये पंचवीस वर्षांची एक विवाहिता माहेरी झोपेतच नाग चावून मेली. दोन महिन्यांपूर्वी तिला सासरी घोणस चावली होती आणि त्यातून ती कशीबशी वाचली होती. एकाच बाईला दोन महिन्यांत दोन वेळा, घरातच, आणि दुसऱ्या वेळी खिडक्या बंद असलेल्या खोलीत? आईवडिलांनी हा प्रश्न विचारला म्हणून तपास झाला. दोन्ही साप नवऱ्याने साप पकडणाऱ्याकडून विकत घेतले होते. पुरलेला नाग उकरून त्याचं शवविच्छेदन केलं गेलं. पुतळ्यावर जिवंत नागाचा प्रयोग करून तपास करणाऱ्यांनी दाखवलं की सापाचं डोकं दाबून धरून चावा घ्यायला लावला तर दातांच्या खुणांमधलं अंतर वाढतं, आणि तिच्या हातावरच्या खुणा तशाच होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये नवऱ्याला दुहेरी जन्मठेप झाली. कारण काय होतं? तिचे दागिने, तिचा पैसा. त्याच महिन्यात राजस्थानातल्या सासूच्या सर्पदंशाच्या प्रकरणात जामीन नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने गारुड्यांकडून साप आणून माणूस मारण्याचा हा नवा प्रकार सुरू झाल्याचं म्हटलं.

कायद्याच्या दप्तरात तो नवा असेल. गोष्टीत तो १८९२ पासून आहे. १२८ वर्षं आधी लिहिलेल्या गोष्टीत बंद खोली आहे, घरातलाच पुरुष आहे, बाईचा पैसा आहे आणि साप आहे. हे सगळं डोळ्यांपुढे असताना आपण काय तपासत बसलो? दूध.

पैशाचा हिशोब डॉयलने किती नीट मांडला आहे ते पाहा. कुणी त्याचा उल्लेखही करत नाही. हेलनच्या आईचं उत्पन्न तिच्या मृत्यूच्या वेळी वर्षाला जवळजवळ ११०० पौंड होतं. मुली घरात आहेत तोवर ते सावत्र बापाच्या हातात, लग्न झाल्यावर प्रत्येकीला ठरावीक वाटा. होम्स मृत्युपत्र काढून पाहतो तेव्हा शेतमालाचे भाव पडल्यामुळे हे उत्पन्न ७५० पौंडांवर आलेलं असतं आणि प्रत्येक मुलीचा हक्क असतो २५० पौंडांचा. दोघींची लग्नं झाली तर बापाकडे उरणार २५०. एकीचंच झालं तरी तिसरा हिस्सा गेला. शेतमालाचा भाव पडला आणि घरातल्या पोरीच्या जिवावर बेतलं, हे आदिलाबादच्या कापूस बाजारात गाडी घेऊन उभं राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागतं का? खुनाचं कारण या आकड्यांत आहे. साप ही नुसती हत्याराची निवड.

आणि आता ते मनगट. हेलन बोलता बोलता आपल्या सावत्र बापाला पाठीशी घालते आहे, हे होम्सच्या लक्षात येतं. तो तिच्या बाहीची काळी झालर हळूच मागे सारतो. गोऱ्या मनगटावर पाच काळेनिळे डाग, चार बोटांचे आणि एक अंगठ्याचा. ती लाजते, झाकून घेते आणि म्हणते की ते कडक स्वभावाचे आहेत, त्यांना आपल्या ताकदीचा अंदाज नसेल. तिशी नुकती ओलांडलेल्या त्या बाईचे केस पांढरे व्हायला लागले आहेत. ती कुडकुडते आहे, आणि थंडीने नाही तर भीतीने, असं ती स्वतः सांगते. मार खाल्लेल्या बाईने मारणाऱ्याची बाजू घेणं यापेक्षा खरं चित्र या विषयावर कुणी काढलं असेल तर मला दाखवा. सापाच्या कानांची चर्चा तासभर करणाऱ्या एकाही वाचकाच्या तोंडून मी या पाच डागांचं नाव ऐकलेलं नाही. ते डाग आपल्याला इतके ओळखीचे आहेत का, की दिसतच नाहीत?

याच ठिकाणी हेलन आणखी एक गोष्ट सांगते. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं आहे त्या पर्सी आर्मिटेजला तिने सगळं सांगितलं आहे. तो तिला खोटी ठरवत नाही. तो तिची समजूत घालतो आणि नजर चुकवतो, त्याला हे सगळं घाबरट बाईच्या मनाचे खेळ वाटतात. 'असा साप नसतोच, तेव्हा गोष्टच खोटी' म्हणणारा वाचक मला या पर्सीच्या शेजारी बसलेला दिसतो. बाई सांगते आहे की माझी बहीण मारली गेली, आता माझी पाळी आहे. आणि आपण तिला प्राणिशास्त्र शिकवतो आहोत.

दुसरा एक आक्षेप जरा शिकल्यासवरल्यांचा आहे. गोष्टीत हिंदुस्थानची बदनामी आहे, विष हिंदुस्थानचं, चित्ता आणि बबून हिंदुस्थानचे, क्रौर्यही हिंदुस्थानातून आलेलं. बबून आफ्रिकेचा, हे खरं. पण या गोष्टीतला पहिला खून कुणाचा झाला, हे आक्षेप घेणाऱ्याला विचारा. ज्युलियाचं नाव येईल. चूक. पहिला मेला तो कलकत्त्यातला रॉयलॉटचा हिंदुस्थानी नोकर. घरात चोऱ्या झाल्या म्हणून रागाच्या भरात डॉक्टरने त्याला मारमारून ठार केलं, फाशीतून जेमतेम सुटला, तुरुंगात गेला आणि शिक्षा भोगून विलायतेला परतला. डॉयलने त्या नोकराला नाव दिलं नाही. आपणही त्याला मोजत नाही.

आणि ज्या काळात ही गोष्ट घडते तो काळ आठवा. १८७६ च्या सुमारास आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारलं, तो मेला, आणि मॅजिस्ट्रेटने फुलरला दंड केला तीस रुपये. व्हाइसरॉय लिटनलाही त्या निकालावर जाहीर नापसंती नोंदवावी लागली. नोकराची प्लीहा आधीच वाढलेली होती, एवढं सांगितलं की गोरा मालक सुटायचा, अशी किती प्रकरणं झाली. फेब्रुवारी १८८३ मध्ये इल्बर्ट बिल आलं तेव्हा हिंदी न्यायाधीशापुढे गोऱ्याचा खटला चालणार म्हणून कलकत्त्यातला सगळा गोरा समाज पेटून उठला, आणि दोनच महिन्यांनी, एप्रिल १८८३ मध्ये, कलकत्त्याचा हा डॉक्टर स्टोक मोरनच्या वाड्यात आपल्या दुसऱ्या मुलीच्या खोलीत साप सोडतो. डॉयलने हा मेळ मुद्दाम साधला, असं मी म्हणत नाही. पण नोकराचा जीव घेऊन जो परत मोकळा फिरला तोच घरी येऊन मुलींचे जीव घेतो, हे त्याने लिहिलं आहे. यात बदनामी कुणाची झाली? खुनी इंग्रज आहे, खानदानी आहे, डॉक्टर आहे. होम्स तर म्हणतो की डॉक्टर वाकड्या वाटेला लागला तर त्याच्यासारखा गुन्हेगार नाही.

भटक्या लोकांचंही तसंच. रॉयलॉटच्या आवारात जिप्सींचे तळ पडतात, म्हणून संशय आधी त्यांच्यावर जातो. होम्ससुद्धा तिकडेच झुकतो. हे पाहून वाचक म्हणतात की गरीब भटक्यांना उगाच गुन्हेगार दाखवलं. पण शेवटी होम्स स्वतः कबूल करतो की अपुऱ्या माहितीवर मी चुकीचा निष्कर्ष काढला होता. गोष्टीत जिप्सी निर्दोष सुटतात आणि दोष वाड्यातल्या मालकाचा निघतो. ज्या देशात १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि पारध्याच्या पालावर पोलिस आधी जातात ही रीत स्वातंत्र्यानंतरही मोडली नाही, त्या देशातल्या वाचकाने या कबुलीकडे दुर्लक्ष करावं?

उरला तो 'पोरासोरांची गोष्ट' हा शेरा. भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स मराठी घरांत पोचला, बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने वाचनालयांची कपाटं भरली, आणि आपण या सगळ्याला एकाच खणात टाकून वर 'वेळ घालवायला' असं लिहून ठेवलं. डॉयलने १९२७ मध्ये आपल्या आवडत्या बारा होम्सकथांची यादी केली तेव्हा ही गोष्ट पहिली ठेवली. त्याच्या मताला मी शेवटचा शब्द मानत नाही. पण पाच डागांचं मनगट, मृत्युपत्रातले आकडे आणि नाव नसलेला मेलेला नोकर ज्या गोष्टीत आहेत तिला पोरांची गोष्ट म्हणणाऱ्याने ती मोठेपणी पुन्हा उघडलेली नाही, एवढं मी नक्की सांगेन.

त्या वाड्यात दोन मृत्यू झाले आणि दोन्हींची सरकारी चौकशी झाली. ज्युलियाच्या वेळी कॉरोनरने कसून तपास केला, कारण बापाची ख्याती सगळ्यांना माहीत होती. दार आतून बंद, खिडक्यांना लोखंडी गज, भिंती ठोकून पाहिल्या, डॉक्टरांनी विषाची तपासणी केली, आणि शेवटी कागदावर आलं की कारण सापडत नाही. रॉयलॉट मेला तेव्हा चौकशीने ठरवलं की धोकादायक पाळीव प्राण्याशी बेफिकिरीने खेळताना डॉक्टर दगावला. दोन पंचनामे, दोन्ही चुकीचे, आणि दुसरा तर होम्सच्या डोळ्यांदेखत. पहिल्या चौकशीनंतर दोन वर्षं हेलन त्या घरात राहिली, त्याच बापाच्या हाताखाली, आणि त्या दोन वर्षांत तिला कुणी काही विचारलं नाही. ती वाचली कारण एके दिवशी उजाडताच ती निघाली, घोडागाडीने लेदरहेडला गेली, पहिली गाडी धरून लंडनला उतरली आणि सातनंतर थोड्याच वेळात एका परक्या माणसाच्या दारात उभी राहिली. फी द्यायला तिच्याकडे पैसे नव्हते, लग्न झाल्यावर स्वतःचे मिळतील तेव्हा देईन, असं तिने सांगितलं. त्या माणसाने तिची बाही मागे सारून पाहिली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. तिच्या बहिणीच्या खोलीतली दोरी ओढून पाहायला आधीच्या चौकशीत कुणालाही सुचलं नव्हतं.